आधी डबे उघडून बघ

परवा संध्याकाळी सात वाजता तुझा फोन आला. ऑफिसातून नुकतीच पोचली होतीस, चपलाही पायातच असाव्यात. "आजी, आज काय करू?" मी विचारलं, "घरात काय आहे?" त्यावर तू गप्प झालीस. मग "बघून सांगते" म्हणालीस आणि तुझा फोन काही परत आला नाही. दुसऱ्या दिवशी नातवाकडून कळलं, बाहेरून मागवलंत. त्याचं मला काही वाटलं नाही. दमल्या दिवशी असं व्हायचंच. पण तुझ्या त्या गप्प होण्यात तुमच्या स्वयंपाकघराचं दुखणं मला सापडलं, म्हणून हे लिहायला बसले. तुला सांगतेय, पण वाचायचं दोघांनी. तुझा नवराही जेवतोच ना?

माझी आई माणदेशातली. सकाळी चुलीपुढं बसताना "आज काय करू" असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती आधी फडताळ उघडायची, टोपलीत हात घालून बघायची, शिंक्यावरच्या ताकाचा वास घ्यायची. मऊ पडायला लागलेली वांगी दिसली की वांग्याचं भरीत, ताक आंबलेलं निघालं की कढी. ठरवणं तिच्याकडे नव्हतंच, ते जिन्नसच ठरवायचे. आम्ही पोरी हसायचो. आता कळतं, सगळी मेख तिथंच होती.

"काय करू" हा प्रश्न आधी आला की आपण पदार्थ ठरवतो, त्याचं सामान आणतो, त्यातलं निम्मं वापरतो आणि निम्मं मागं सारतो. तुमच्या फ्रिजमधली क्रीमची अर्धी पुडी, बेसिलची काळी पडलेली काडी आणि तो अर्धा लाल कोबी याच प्रश्नातून आला. "काय आहे" हा प्रश्न आधी आला की पालक आज जाणार हे पालकच सांगतो. मी पुढं जे काही सांगणार आहे, ते या एका उलटापालटीतूनच निघालंय.

१९७२ च्या दुष्काळात मी सतरा वर्षांची होते. गावातली माणसं खडी फोडायला, बंडिंगच्या कामाला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची, म्हणून आई उकड काढून थापायची. त्या वर्षी टाकायला घरात काही नव्हतंच, तेव्हा आमच्या काटकसरीचं कौतुक तुला सांगणार नाही. उपाशी माणसाची काटकसर ही काही हौस नसते. पण एक गोष्ट डोक्यात बसली. उतरंडीतल्या कुठल्या मडक्यात किती बोटं धान्य उरलंय, हे आईला अंधारातही ठाऊक असायचं. तुझ्याकडे दिवे आहेत, पारदर्शक डबे आहेत, आणि तरी तुला ठाऊक नाही. यात तुझा दोष कमी आणि मांडणीचा जास्त.

नातवानं मध्ये मोबाईलवर वाचून दाखवलं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात अंदाज दिलाय, की आपल्या देशात माणशी वर्षाला ५५ किलो अन्न घरातून वाया जातं. मी लगेच भागाकार केला. दिवसाला दीडशे ग्रॅम. म्हणजे साधारण एक पोळी आणि वाटीभर भाजी. रोज, प्रत्येकानं, बादलीत वाढलेली.

आता तुझा फ्रिज. तिथं मात्र सारख्या आकाराचे स्टीलचे डबे एकावर एक, कुठल्यात काय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि घाईत कोण उघडतंय? हसू नकोस, मीही हेच केलंय. एकदा छोल्यांचा डबा माझ्या फ्रिजमध्ये मागं गेला आणि दोन आठवड्यांनी सापडला. झाकण काढलं तर वर राखाडी बुरशीची शाल. पाव किलो छोले, चार कांदे, तासभर गॅस, सगळं मोरीत. त्या दिवसापासून माझ्याकडे डोळ्यांच्या समोर येणारा एक कप्पा फक्त "आधी खायचं" याला दिलाय. अर्धा कापलेला टोमॅटो, पिळून उरलेली लिंबाची फोड, चार चमचे चटणी, कालची वाटीभर उसळ, फोडलेल्या नारळाची वाटी, सगळं तिथं. त्या कप्प्यापुरते काचेचे डबे घे. एवढीच खरेदी मी तुला सांगते, बाकी ते इंटरनेटवर दिसतात तसे एकसारख्या बरण्यांचे संच घेऊ नकोस. रिकाम्या बरण्या भरण्यासाठी माणूस सामान आणतो.

दूध फ्रिजच्या दारात ठेवू नये. दार सारखं उघडतं, ती जागा सगळ्यात उबदार. तिथं लोणचं, सॉस, पाण्याच्या बाटल्या. कच्चं मटण-मासे आणलेत तर सगळ्यात खाली, झाकून, म्हणजे त्याचं पाणी शिजलेल्यावर ठिबकत नाही. आणि फ्रिज ठासून भरू नकोस, आत गार हवा फिरायला जागा लागते. रात्री ओटा पुसून झाला की एक मिनिट तो "आधी खायचं" कप्पा बघायचा. दुसऱ्या दिवशीचा डबा तिथंच ठरतो. हे काम नवऱ्याला दे. ज्याला रोज बघायला लागतं, तो आपोआप कमी आणतो. तुझ्या आजोबांवर हा प्रयोग मी केलाय, ते नंतर मंडईतून चार जुड्यांऐवजी दोन आणायला लागले.

भाजीलाही रांग असते. रविवारी आणलेली मेथी गुरुवारी आठवली तर ती पिवळीच होणार, त्यात मेथीची काय चूक? पहिले दोन दिवस पालेभाज्यांचे. मग भेंडी, गवार, काकडी, वांगी. त्यानंतर दोडका, दुधी, फ्लॉवर. कोबी, गाजर, बीट आठवडाअखेरपर्यंत थांबतात. लाल भोपळा अखंड असेल तर महिनाभर कोपऱ्यात गप्प बसतो. आणि आठवड्याचे शेवटचे दोन दिवस कडधान्यांचे. मटकी, मूग, मसूर, हुलगे यांना फ्रिज लागत नाही, ती सडत नाहीत, फक्त आदल्या दिवशी आठवायला लागतात. सकाळी ऑफिसला जाताना मटकी भिजत टाक, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड आलेले असतात. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो, वालाला तर दोन दिवस. शेवटच्या दिवशी भाजी संपलेली असावी. "घरात भाजी नाही" याची लाज वाटायचं काही कारण नाही, त्या दिवशी पिठलं-भाकरी होते आणि तुझा नवरा सगळ्यात जास्त त्याच दिवशी जेवतो.

पालेभाजी धुऊन ठेवू नये. ओली भाजी कुजते. निवडायची, कोरडी कापडी पिशवीत ठेवायची, धुवायची ती चिरायच्या आधी. चिरून तर मुळीच ठेवू नये, आणि चिरल्यावर धुऊ नये, सगळं सत्त्व पाण्यातून जातं. कोथिंबिरीची मुळं कापायची, पिवळ्या काड्या काढायच्या, कागदात गुंडाळून डब्यात घातली की आठ दिवस राहते. कोवळे देठ टाकायचे नाहीत, वाटणात पानांपेक्षा त्यांचाच वास जास्त. मेथी, चवळी, माठ यातलं काही लोखंडी कढईत परतत जा, अंगाला लोह मिळतं. वरून लिंबू पिळायचं म्हणजे ते लागूही पडतं. फक्त भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते आणि मग तीही टाकली जाते.

कांद्याचं एक सांगते, ते तुला दुकानदार सांगणार नाही. हिवाळ्याच्या तोंडाला येतो तो लाल कांदा टिकत नाही. स्वस्त मिळाला म्हणून दहा किलो भरलास तर महिन्याभरात निम्मा मऊ पडतो, कोंब फुटतो. साठवणीचा कांदा तो उन्हाळ्यातला, एप्रिल-मेमध्ये निघतो तो. तो नीट वाळलेला, सालीवर सालं असलेला घेतलास तर चार-पाच महिने राहतो. पसरून ठेवायचा, हवा लागली पाहिजे. आणि त्याच्या शेजारी बटाटा नको, एकमेकांच्या संगतीत दोघंही लवकर बिघडतात. सासूबाई म्हणायच्या, यांना एका टोपलीत नांदवू नये, त्यांनी ते दोन सुनांकडे बघून म्हटलं होतं, पण कांदे-बटाट्यांनाही लागू आहे.

तुझ्या आईनं विचारलं होतं, वर्षाचं धान्य भरायचं का? नाही. ऐकून तिला नवल वाटेल. आम्ही उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायचो कारण पावसाळ्यात वाटा बंद व्हायच्या आणि पैसा सुगीलाच हातात यायचा. तुम्ही दोघं, तिसऱ्या मजल्यावर, खाली उतरलं की किराणा. शंभर किलो गहू घेऊन त्यातल्या किड्यांची राखण कशाला? दोन महिन्यांचं पुरे. ज्वारी मात्र नवी आली की थोडी जास्त घे, फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळू येतो. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर सोडू नकोस.

जे भरशील त्याला ऊन दाखव. पण उन्हातलं तापलेलं धान्य तसंच डब्यात भरायचं नाही. रात्रभर घरात पसरून गार होऊ दे. गरम भरलं की डब्याला आतून घाम सुटतो, ओल धरते आणि ज्या किड्यासाठी एवढं ऊन दिलं त्यालाच पाणी मिळतं. माझ्या पहिल्या वर्षीचा गहू असाच गेला. कडुनिंबाचा पालाही पूर्ण वाळवूनच घालायचा. तूरडाळ, तांदळाला एरंडेलाचा हलका हात चालतो. पाऱ्याच्या गोळ्या घालू नकोस, कोणी कितीही सांगो. पारा आहे तो, धान्यात त्याचं काय काम? थोडीच डाळ असेल तर सरळ चार दिवस फ्रीजरमध्ये ठेव, अंडी मरतात. आमच्या काळी फ्रीजर असता तर आम्ही बिब्ब्यांच्या मागं लागलो नसतो. लाल तिखटात हिंगाचा खडा टाक. नाचणीला तर काहीच करावं लागत नाही, तिला कीड सहसा शिवत नाही.

दळण थोडं थोडं आण. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडवट होतं, तिच्यात तेल जास्त. ज्वारीचं पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो, भाकरीला कडेनं चिरा पडतात आणि मग तू म्हणतेस, "आजी, मला भाकरी जमत नाही." जमते गं, तुझं पीठ महिन्याचं असतं. कणीक चाळताना बारीक चाळण वापरू नकोस. कोंडा काढून टाकायचा आणि मग पोट साफ होण्यासाठी दुकानातून डबा आणायचा, हे मला आजवर समजलेलं नाही. शेंगदाण्याचं कूट आठवड्याचंच कर, खवट झालं की सगळी भाजी खवट.

मापाबद्दल. माझ्या आईच्या तांदळाच्या मडक्यात एक चिपटं असायचं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. घरात माणसं किती, त्यावरून चिपटी ठरलेली. हात आत गेला की मोजूनच बाहेर यायचा. आपल्याकडे स्वयंपाकाला वाटी-चमच्याचं माप घरोघरी बसवलं ते कमलाबाई ओगल्यांच्या "रुचिरा"नं, १९७० साली, पण ते पदार्थ करण्यासाठी. रोजच्या भाताला तू अजूनही पिशवी तिरकी करून अंदाजानं ओततेस. डब्यात एक छोटी वाटी कायमची टाकून ठेव. तुम्हा दोघांना, पोळी असताना, त्या वाटीनं अर्धी वाटी तांदूळ पुरतात, मी मोजून बघितलंय. पोळ्यांचं तर त्याहून सोपं. कणीक भिजवायच्या आधी विचारायचं, "किती?" आमच्याकडे सकाळी चहाबरोबर प्रत्येकजण आकडा सांगायचा. आकडा सांगून न खाणाऱ्याला संध्याकाळी त्याच पोळ्यांचा कुस्करा. दोन दिवसांत सगळ्यांना आपली भूक कळली.

तरी उरतंच. उरण्यावर आपल्या बायकांनी जेवढी बुद्धी खर्च केलीय, तेवढी ताज्या स्वयंपाकावरही केली नसेल. पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी फेकलं नाही म्हणून कटाची आमटी जन्माला आली, आणि आता पुरणपोळीपेक्षा तिचीच वाट बघणारी माणसं आहेत. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू. शिळी भाकरी ताकात कुस्करायची, वर कांदा आणि लसणाची चटणी. वरण उरलं तर त्यातच चकोल्या सोड, रात्रीचं जेवण एका पातेल्यात. वाटीभर भाजी उरली तर थालीपिठाच्या पिठात मळ, कुठली भाजी होती हे तुझ्या नवऱ्याला ओळखता येणार नाही. दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्याबरोबर कुरकुरीत परतून चटणी होते, दुधीच्या सालीचीही तशीच. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, कलिंगडाचा पांढरा गर, फणसाच्या आठळ्या, भोपळ्याच्या बिया, यातलं काहीही कचरा नाही. दूध नासलं तर पनीर, आणि खालच्या पाण्यात कणीक भिजव, पोळी मऊ होते. केळी काळी पडली की घारगे. आमरस काढल्यावर बाठ्यांना लागलेला गर धुऊन त्याचं सार.

साय, विरजण, ताक, लोणी, तूप आणि शेवटी कढईच्या तळाची बेरी, ही तर मला सगळ्यात हुशार साखळी वाटते. कुठंच काही सांडत नाही. बेरीत साखर घालून पोरं भांडून खायची. पण तू अर्धा लिटर टोन्ड दूध घेतेस, त्याची साय जमवत बसू नकोस. पंधरा दिवसांची कडवट साय शेवटी टाकावीच लागेल. जुन्या गोष्टी जशाच्या तशा उचलायच्या नसतात.

आता जरा कठोर बोलते, कारण वाचवण्याच्या हट्टापायी लोक पोटं बिघडवतात. पोळी-भाकरी कोरडी असते, तिला बाहेर रात्र चालते. भात, आमटी, उसळ ओली असते, तिला चालत नाही. विशेषतः भात. शिजलेला भात पातेल्यात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात, त्यातले काही असं विष सोडतात की सकाळी कितीही खरपूस फोडणी दे, ते जात नाही. उरलेला भात परातीत पसर, निवला की तास-दीड तासात फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करायचा आणि संपवायचा. पुन्हा पुन्हा गरम करून पुन्हा आत, हे नाही. आमटीला तार सुटली, ताटलीतली भाजी बुळबुळीत झाली किंवा तिला वास आला तर चाखून बघत बसायचं नाही. बुरशी आलेल्या पावाचा तेवढाच तुकडा काढून बाकीचा खायचा नाही, मऊ पदार्थात ती आतपर्यंत पोचलेली असते. काळे-हिरवे पडलेले शेंगदाणे टाक. हिरवट पडलेला बटाटा टाक. आणि दुधी, दोडका चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून बघ. कडू लागला तर अख्खा फेकायचा, "औषधी असतो" म्हणून रस काढून प्यायचा नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं दवाखान्यात गेलीत, काही परतली नाहीत. पाकिटांवरच्या तारखांतही फरक असतो. "बेस्ट बिफोर" उलटली तर चव उतरते, वास-रंग बघून ठरवता येतं. "यूज बाय" उलटली की विषय संपला.

आणि एक जखम. आमच्या घरांत अन्न कधीच वाया जात नव्हतं असं सगळे अभिमानानं सांगतात. का जात नव्हतं माहितीय? बायका खायच्या म्हणून. सगळ्यांना ताजं वाढून झालं की माझ्या सासूबाई कालची भाकरी, परवाची आमटी घेऊन बसायच्या. पोरांच्या ताटांतलं उष्टंही पुसून खायच्या. भूक असो नसो. शेवटच्या दहा वर्षांत मधुमेहानं त्यांचे पाय गेले, आणि डॉक्टरांनी आहार विचारला तेव्हा घरात कुणालाच सांगता येईना त्या काय आणि कधी खातात, कारण त्यांचं ताट कुणी पाहिलंच नव्हतं. मीही अनेक वर्षं तेच केलं. बाईचं पोट ही घरातली ओल्या कचऱ्याची बादली नव्हे. माझ्या घरात आता नियम आहे, शिळं असेल ते पहिल्यांदा वाढायचं आणि सगळ्यांच्या ताटात, पुरुषांच्याही. दोन घास प्रत्येकी आले की संपतं. ज्याला शिळं खायचं नसेल त्यानं काल कमी करायला सांगायला हवं होतं.

त्याला जोडूनच आग्रहाचं. "अजून एक घ्याच, माझी शपथ" हे आपल्याकडे प्रेम समजतात. ताटात पडलेली ती पोळी नंतर पाहुण्यालाही नको असते आणि तुलाही. विचारून वाढ, थोडं वाढ, मागितलं तर पुन्हा वाढ. सासरच्या कुणी नावं ठेवली तर माझं नाव सांग.

निरोगी खाण्याबद्दल मला फार सांगायचं नाही, कारण "काय आहे" बघून स्वयंपाक करणाऱ्या घरात ते बरंचसं होऊनच जातं. ताजं आधी संपवायचं ठरलं की भाजी पोटात जातेच. तरी एक गोष्ट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सांगितलंय की ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा. आपलं ताट आधीच आखलेलं आहे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे चाखण्यापुरतं. उजव्या बाजूला भाजी, म्हणजे पोटभर. मी फक्त एक बदल केलाय, कोशिंबीर डावीकडून उजवीकडे आणलीय. चमचाभर होती ती वाटीभर झाली. लोणचं आणि पापड जिथं होते तिथंच, डावीकडे, आणि एका वेळी दोन्हीपैकी एकच, मीठ दोन्हींत बख्खळ असतं. तेलाचा डबा महिन्याच्या एक तारखेला फोडायचा, दोघांत एक लिटर, आणि एकतीसपर्यंत पुरवायचा. तळण करायचं असेल तर त्यातूनच. हिशोब आपोआप बसतो, कोलेस्टेरॉलवर भाषण द्यावं लागत नाही.

सणांचंही बघ. भोगीला लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी का, तर जानेवारीत हरभरा, गाजर, वांगी, पावटा, घेवडा सगळं एकदम शेतात असतं. ऋषिपंचमीची भाजी भाद्रपदात परसात जे उगवलंय त्याची. पूर्वजांना ऋतू पाळायला पंचांग लागायचं, तुला भाजीवाल्या मावशी पुरतील. ज्या भाजीचा ढीग सगळ्यात मोठा आणि भाव सगळ्यात कमी, ती ऋतूची.

आणि ते दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप. वाईट नाही ते, माझ्या गुडघ्यांना तर वरदान आहे. पण अर्धा डझन लिंबं हवी असताना "आणखी अमुक रुपयांचं घ्या, घरपोच फुकट" असं ते सांगतं आणि तू दोन पाकिटं मशरूम टाकतेस. ती मशरूम चौथ्या दिवशी तपकिरी होऊन माझ्या दृष्टीस पडली होती. घरपोचचे पैसे भर. मशरूमपेक्षा स्वस्त पडतात. ॲप उघडायच्या आधी फ्रिज उघडायचा, एवढंच कर.

सालं, देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं हे तरी उरेलच. पूर्वी गाय होती, दारात कुत्रं होतं, उकिरडा होता. तुझ्याकडे बाल्कनी आहे. भोकं पाडलेल्या बादलीत सुक्या पानांच्या थरावर थर दे, तीन महिन्यांत कुंडीपुरती माती होते. नाही जमलं तर ओलं-सुकं वेगळं करून दे, ते २०१६ पासून नियमानंच सक्तीचं आहे.

मी पुढच्या महिन्यात येतेय, आठ दिवस राहीन. त्याआधी फ्रिजच्या दारात मागं उभी आहे ती चिंच-खजुराच्या चटणीची बाटली काढून टाक. ती मी केलेली आहे. गेल्या दिवाळीला.